बिजाचा पेला आणि निळी प्रभा

पूर्वीच्या चांदा, म्हणजे पुढे चंद्रपूर म्हणविलेल्या, जिल्ह्याचे अरण्य, ज्याचा पूर्वेकडील विस्तीर्ण भाग २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, आपल्या सागवानासाठी सर्वत्र प्रसिद्ध असले, तरी त्याच अरण्यात सागाच्या खांद्याला खांदा लावून वाढणारा, पावसाळ्याच्या तोंडाशी पिवळ्या फुलांनी डवरणारा आणि फुले झडल्यावर सपाट, गोल, कडेने पातळ पंख असलेल्या शेंगा धरणारा बिजा नावाचा जो वृक्ष आहे, त्याच्या इतिहासाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. संस्कृत वैद्यकग्रंथांत यालाच असन म्हटले आहे, पश्चिम महाराष्ट्रात तो बिबळा या नावाने ओळखला जातो आणि उत्तरेकडील वैद्य त्याला विजयसार म्हणतात. त्याच्या सालीवर कुऱ्हाडीचा घाव बसला की आतून रक्तासारखा लाल चीक पाझरतो आणि वाळून ठिसूळ गोंद होतो. हा गोंद स्तंभक म्हणून अतिसारावर उपयोगी पडत असल्याने एके काळी तो ‘किनो’ या नावाने सातासमुद्रापलीकडे जात असे व युरोपच्या औषधसंहितांतही त्याला स्थान मिळाले होते. गाभ्याचे लाकूड सोनेरी पिंगट, जड आणि टिकाऊ. दाराच्या चौकटी, गाड्यांचे भाग, शेतीची औते यांसाठी ते पिढ्यानपिढ्या वापरले गेले. मात्र ओले झाले की ते पिवळा रंग सोडते आणि शेजारच्या भिंतीवर किंवा कापडावर डाग पाडते, म्हणून सुतार त्याच्याशी जरा जपूनच वागत.

लाकडाच्या या रंग सोडण्याच्या स्वभावातच आपल्या विषयाचे मूळ आहे. बिजाच्या गाभ्याचा ठोकळा कोरून पेला करावा, त्यात रात्री पाणी भरून ठेवावे आणि सकाळी ते अनशेपोटी प्यावे, असा मधुमेहावरील उपाय विदर्भात, महाकोशलात आणि छत्तीसगडात आजही प्रचलित आहे, व असे पेले तेथील बाजारांत विकावयास येतात. असन हे द्रव्य प्रमेहावर उपयुक्त मानण्याची परंपरा आयुर्वेदात फार जुनी असून वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त असनादी गण म्हणून औषधांचा एक वर्गच सांगितला आहे. परंतु मला येथे ज्या गोष्टीचे मोल वाटते ती औषधीपणाहून वेगळी आहे. रात्रभर मुरलेले ते पाणी काचेच्या भांड्यात ओतून उजेडाकडे धरले तर ते मधासारखे पिंगट दिसते. पण उजेड आपल्या पाठीमागे ठेवून, काळ्या पार्श्वभूमीवर त्याच पाण्याकडे पाहिले, तर त्याच्या कडेला आणि पृष्ठभागाशी एक निळसर प्रभा तरळताना दिसते. हा निळा रंग पाण्यात विरघळलेला नसतो. सूर्यप्रकाशातील डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण आणि त्यांच्या लगतचे जांभळे किरण लाकडातून उतरलेले द्रव्य शोषून घेते आणि तत्काळ निळ्या प्रकाशाच्या रूपाने परत देते. शास्त्रज्ञ या क्रियेला प्रतिदीप्ती म्हणतात.

प्राण्याच्या जिवंत शरीरात, एकेका पेशीच्या पोटात, आम्लता किती आहे हे प्रकाशाच्या साहाय्याने मोजणारे जे अब्जांश संवेदक, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागांत ज्यांचे आकारमान सांगावे लागते असे सूक्ष्म कण, विसाव्या शतकाच्या अखेरीपासून निर्माण झाले, त्यांची वंशावळ शोधीत मागे जाऊ लागले असता आपण ज्या पहिल्या पायरीवर येऊन थांबतो, ती पायरी म्हणजे असाच एक लाकडी पेला आहे. तो पेला चांद्याचा नव्हता. परंतु त्याचे लाकूड बिजाच्या सख्ख्या भावंडाचे होते, आणि हे नाते सांगण्यासारखे आहे.

सोळाव्या शतकात मेक्सिकोतील नाहुआ लोक एका झाडाच्या लाकडाच्या चिपा पाण्यात भिजवून ते निळसर पाणी मूत्रविकारांवर पीत असत. बेर्नार्दिनो दे साहागुन या स्पॅनिश धर्मोपदेशकाने तेथील लोकांकडून ऐकून ही माहिती लिहून ठेवली, आणि सेव्हिल शहरातील निकोलास मोनार्देस या वैद्याने १५६५ मध्ये आपल्या ग्रंथात त्या लाकडाचे वर्णन प्रसिद्ध केले. मोनार्देस स्वतः कधी अमेरिकेस गेला नव्हता. गलबतांतून उतरणारी द्रव्ये आणि खलाशांच्या तोंडची माहिती हेच त्याचे भांडवल होते. त्याने नोंदविलेले ते लाकूड युरोपात ‘लिग्नम नेफ्रिटिकम’, म्हणजे मूत्रपिंडाचे लाकूड, या नावाने विकले जाऊ लागले. १६४६ मध्ये आथानासियुस किर्खर या जेझुइट पंडिताने आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात अशा लाकडाच्या एका पेल्याचे वर्णन केले, जो त्याला मेक्सिकोतील आपल्या पंथबांधवांकडून भेट मिळाला होता आणि जो त्याने पुढे पवित्र रोमन सम्राटाला नजर केला. पुढे अडीच-तीन शतके हे लाकूड नेमके कोणत्या झाडाचे, याविषयी विद्वानांत मोठा घोटाळा होता. तो १९१५ मध्ये विल्यम सॅफर्ड या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने उलगडला: चिपा मेक्सिकोतील एका झुडपाच्या होत्या, परंतु पेले मात्र फिलिपाइन्स बेटांवरील नारा या वृक्षाचे होते, जे स्पेनच्या गलबतांनी पॅसिफिक महासागर ओलांडून मेक्सिकोत आणले होते. हा नारा आणि आपला बिजा हे दोघेही एकाच, टेरोकार्पस या, प्रजातीतील वृक्ष होत.

यापुढची घटना माझ्या मते रसायनशास्त्राच्या इतिहासातील अत्यंत सुंदर घटनांपैकी एक आहे. रॉबर्ट बॉइल या आंग्ल-आयरिश विचारवंताने १६६४ मध्ये रंगांविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्याने या लाकडाच्या काढ्यावर केलेले प्रयोग सविस्तर सांगितले आहेत. काढ्यात आम्लाचे थोडे थेंब टाकताच त्यातील आकाशी प्रभा नाहीशी झाली, आणि पिवळसर रंग मात्र जसाच्या तसा राहिला. पुढे त्याच पाण्यात क्षाराचे द्रावण घालताच मावळलेली प्रभा पुन्हा प्रकट झाली. एखाद्याने येथे केवळ चमत्कार पाहून समाधान मानले असते. बॉइलने मात्र प्रश्न उलटा फिरविला आणि सुचविले की, एखादे अज्ञात द्रव्य आम्ल आहे की त्याच्या विरुद्ध गुणाचे आहे, हे ठरविण्यासाठी या काढ्याचाच कसोटीसारखा उपयोग करावा. प्रकाश देणाऱ्या पदार्थाकडून आम्लतेची साक्ष काढण्याची ही पहिली लिखित तजवीज होय, आणि आजचा प्रत्येक दीप्तिमान संवेदक, त्याची घडण कितीही गुंतागुंतीची असो, तत्त्वतः हीच साक्ष काढीत असतो.

या निळ्या प्रभेमागील रेणूचा शोध लागण्यास मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले. स्पेनमधील आकुन्या आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, मेक्सिकोतील त्या लाकडात मुळात असलेला रेणू स्वतः चमकत नाही. तो किंचित अल्कधर्मी पाण्यात उतरला आणि त्याला हवेतील प्राणवायू मिळाला, म्हणजे त्याचे रूपांतर होऊन एक नवा, तीव्रतेने चमकणारा पदार्थ तयार होतो. पाणी रात्रभर मुरू देण्याच्या रूढीला हे रसायन किती अनुरूप आहे, हे निराळे सांगावयास नको. आणि राजुरा, कोरपना, घुग्घूस या चुनखडीच्या पट्ट्यातील, जेथे आज सिमेंटचे कारखाने उभे आहेत, विहिरींचे पाणी कठीण आणि सहसा अल्कधर्मी अंगाचेच असावयाचे. तेव्हा अशा प्रभेला पोषक पाणी चांद्याच्या भूमीने आपल्या पोटात पूर्वीच साठवून ठेवले होते, असे म्हणावे लागते.

आता सरकारी दफ्तराकडे वळू. १८५३ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर चांदा इंग्रजी अमलाखाली आले, १८६१ मध्ये मध्यप्रांत अस्तित्वात आला, आणि त्या दशकात जंगलाचा बंदोबस्त सुरू झाला, तेव्हा साग, शिसम, बिजा अशा मौल्यवान जातींवर सरकारी हक्क सांगण्यात येऊ लागला. अहेरीसारख्या विस्तीर्ण जमीनदाऱ्यांत जंगलाची वहिवाट निराळी, सरकारी राखीव जंगलात निराळी, आणि मालगुजारी गावांत आणखी निराळी. रयतेला घरबांधणीसाठी आणि जळणासाठी मिळणारा निस्तार कोठवर आणि परवाना कोठून लागावयाचा, यावरून तहसीलदाराच्या कचेरीत तक्रारींचे कागद साचत. जंगलखात्याच्या कारभारात वृक्षाची ओळख जात, घेर, घनफूट आणि दर अशी ठरलेली असे; बिजा हे तिच्यात इमारती लाकूड म्हणून आले, आणि इमारती लाकूड म्हणूनच राहिले. ज्या गाभ्याच्या घनफुटाची आणेवारी नोंदली जात होती, त्याच गाभ्याच्या तुकड्यावर रात्री पाणी ओतून सकाळी कोणी ते पीत होते, ही गोष्ट महसुलाच्या दृष्टीने निरर्थक होती.

मला येथे ठामपणे म्हणावयाचे आहे की, अरण्यातील माणूस आणि युरोपातील पंडित यांच्यात जो फरक पडला तो पाहण्याच्या शक्तीचा नव्हता. मेक्सिकोतील नाहुआंनी ती निळाई मोनार्देसच्या आधी पाहिली आणि तिचा उपयोगही केला. फरक पडला तो लिहून ठेवण्यात, आणि लिहून ठेवलेले दुसऱ्याच्या हाती पोहोचण्यात. मोनार्देसचा ग्रंथ नसता तर किर्खरने त्या पेल्याकडे ज्या दृष्टीने पाहिले तसे पाहिले नसते, आणि त्यांच्या मालिकेवाचून बॉइलच्या हाती ते लाकूड पडलेही नसते. चांद्याच्या अरण्याला साहागुन मिळाला नाही. तेथे जे लिहिणारे आले ते जमाबंदीसाठी आले होते.

अशीच निळी प्रभा देणाऱ्या क्विनीन या औषधाची कथा तर या अरण्याशी आणखीच निगडित आहे. हिवतापाने चांदा जिल्ह्याचा पूर्वभाग पूर्वापार गांजलेला, आणि गडचिरोली आजही महाराष्ट्रात हिवतापाच्या बाबतीत अग्रक्रमावर आहे. इंग्रज अमदानीत विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टपाल कचेऱ्यांतून पैशाला एक पुडी या हिशेबाने क्विनीन विकण्याची पद्धत हिंदुस्थानात रूढ झाली होती. याच क्विनीनचे आम्लमिश्रित द्रावण उन्हात धरले असता त्याच्या पृष्ठभागावर निळा प्रकाश उमटतो, हे जॉन हर्शेलने १८४५ मध्ये नोंदविले. आणि १८५२ मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्सने क्विनीनवरच प्रयोग करून या घटनेचा नियम शोधून काढला: शोषलेल्या किरणांपेक्षा परत दिलेले किरण नेहमी अधिक लांबीच्या लहरींचे असतात. स्टोक्सने या घटनेला नाव देताना ज्या खनिजाचा आधार घेतला, ते फ्लोरस्पार चंद्रपूर जिल्ह्यातच डोंगरगाव येथे सापडते. जिल्ह्याच्या काही गावांत विहिरींच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण घातक असून लोकांचे दात आणि हाडे त्याने बिघडतात, हे याच भूगर्भाचे दुसरे, दुःखद अंग आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, बिजाचे पाणी आम्लात मावळते तर क्विनीन आम्लात उजळते. हे दोन्ही पदार्थ एकाच जिल्ह्याच्या औषधांत शेजारी शेजारी असताना त्यांचा असा परस्परविरोधी स्वभाव नोंदविण्याची कोणाला गरज वाटली नाही.

घराघरांत ठाऊक असलेली कसोटी मात्र हळदीची होती. हळदीला चुना लागला की ती लाल होते, यावरच आपले कुंकू करण्याची कृती आधारलेली आहे, आणि आंबट पदार्थ लागला की तो लाल रंग पुन्हा पिवळा होतो हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. पण हळद रंग बदलते ती रक्ताच्या प्रकृतीहून बरीच अल्कधर्मी पायरी गाठल्यावर. म्हणून शरीराच्या आत पाहण्यास ही कसोटी उपयोगी पडत नाही.

शरीराच्या आतील आम्लता ही काही नगण्य बाब नाही. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, मद्यनिर्मितीच्या अभ्यासातून, सोरेन्सेनने आम्लता मोजण्याचे जे माप ठरविले आणि ज्याला आपले शेतकरी मातीच्या संदर्भात सामू म्हणतात, त्या मापाने निरोगी रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेत राहतो. तो तसा ठेवण्याचे काम दोन अवयव करतात. फुफ्फुसे श्वासावाटे कर्बद्विप्राणिद वायू बाहेर टाकतात, आणि मूत्रपिंडे आम्ल गाळून मूत्रावाटे घालवितात. मधुमेह हाताबाहेर गेला की रक्तात कीटोन आम्ले साचू लागतात आणि रोग्याचा श्वास खोल व वेगवान होतो; जर्मन वैद्य कुसमाउल याने १८७४ मध्ये या श्वासाचे जे वर्णन केले ते आजही वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. म्हणजे असे की, मूत्रपिंडाचे म्हणून प्रसिद्ध झालेले एक लाकूड आणि मधुमेहावर दिले जाणारे त्याचे भावंड, ही दोन्ही ज्या रोगांशी रूढीने जोडली गेली, त्या रोगांत शरीराच्या आम्लतेचाच तोल ढळतो. हा योगायोग आहे. यातून पूर्वजांना सामू ठाऊक होता असे अनुमान काढणे पूर्वजांचाही अपमान करणारे ठरेल, कारण त्यांनी जे खरोखर पाहिले ते अशा खोट्या श्रेयाखाली झाकले जाते.

औषध म्हणून बिजाची परीक्षा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने घेतली व तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. नव्यानेच मधुमेह आढळलेल्या, इन्सुलिनची गरज नसलेल्या रुग्णांवर केलेल्या त्या पाहणीत बारा आठवड्यांच्या अखेरीस ९७ पैकी ६७ जणांची रक्तशर्करा आटोक्यात आल्याचे दिसून आले. तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला गट त्या पाहणीत नव्हता, आणि तेथे दिलेला अर्क मोजून दिलेला होता. पेल्यातील रात्रीच्या पाण्याला ते प्रमाणपत्र लागू होत नाही. पेल्यावर विसंबून वैद्यांनी दिलेली औषधे थांबविणारा रोगी आपला जीव धोक्यात घालतो, हे येथे स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

प्रभेकडून आम्लतेची साक्ष काढण्याची बॉइलची युक्ती जिवंत पेशीत नेण्याची वाट १८७१ मध्ये मोकळी झाली, कारण त्या वर्षी आडोल्फ फॉन बायर याने फ्लुओरेसीन हा हिरवा प्रकाश देणारा रंग प्रयोगशाळेत बनविला. आम्लता वाढली की त्याचाही उजेड मंदावतो. स्वभावाने तो बिजाच्या पाण्याच्याच गोत्राचा आहे. १९७८ मध्ये ओकुमा आणि पूल यांनी हा रंग साखरेच्या लांब रेणूला बांधून उंदरांच्या भक्षक पेशींना खाऊ घातला आणि पेशीतील पचनपिशव्यांचा सामू ४.७ ते ४.८ च्या आसपास असतो हे दाखविले. पेशीच्या एका कोपऱ्यात एवढी तीव्र आम्लता आणि शेजारच्या द्रवात जवळजवळ तटस्थता, हे दृश्य त्यांनी आकड्यांत मांडले. पुढील काही वर्षांत रॉजर चेन आणि सहकाऱ्यांनी रंगाला पेशीच्या पडद्यातून आत शिरण्याची आणि आतच अडकून राहण्याची युक्ती दिली. १९९८ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातील राउल कोपेलमन यांच्या प्रयोगशाळेने रंग बहुवारिकाच्या सूक्ष्म कणात कोंडले. असे केल्याने रंगाचे विष पेशीला बाधत नाही, पेशीतील प्रथिने रंगाला बिघडवीत नाहीत, आणि एकाच कणात दोन रंग ठेवता येतात: एक आम्लतेप्रमाणे मंद-तीव्र होणारा, दुसरा स्थिर. दोघांच्या उजेडाचे गुणोत्तर घेतले की कण किती आहेत, दिवा किती प्रखर आहे, या गोष्टींचा हिशेब आपोआप वजा होतो. पेल्याकडे पाहणारा माणूस निळाई आहे की नाही एवढेच सांगू शकत होता. किती आहे हे खात्रीने सांगण्याची सोय या गुणोत्तराने झाली.

या मालिकेत भारताचा स्वतःचा वाटा आहे, आणि तो सन्मानाने नोंदविला पाहिजे. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात यमुना कृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००९ मध्ये डीएनएच्याच धाग्यांपासून एक सूक्ष्म यंत्र बनविले, जे आम्लता वाढली की मिटते आणि कमी झाली की उलगडते. यंत्राच्या दोन टोकांना दोन रंग बांधलेले असतात. ते मिटले की रंग जवळ येतात, एकाने घेतलेली ऊर्जा दुसऱ्याकडे जाते, आणि प्रकाशाची छटा बदलते. प्रथम हे काम फळमाशीच्या पेशींत झाले, आणि दोनच वर्षांनी, २०११ मध्ये, त्यांनी तेच यंत्र एका पारदर्शक सूक्ष्म कृमीच्या जिवंत देहात चालवून दाखविले. आनुवंशिकतेचे द्रव्य मोजपट्टी म्हणून वापरण्याची ही कल्पना ज्या काळात आणि ज्या साधनांनिशी येथे सिद्ध झाली, ते पाहता तिचे मोल फार मोठे आहे.

कृमी पारदर्शक असतो, माणूस नसतो. निळा आणि हिरवा प्रकाश कातडीखाली थोड्याच अंतरावर विखरून आणि शोषून जातो, म्हणून बिजा, क्विनीन, फ्लुओरेसीन या तिघांचीही शक्ती देहाच्या खोल भागात निकामी ठरते. अवरक्त किरणांनी उजळणारे दुर्मिळ मृदा-धातूंचे कण, किंवा क्लेम्सन विद्यापीठात सुरू झालेल्या कामाप्रमाणे, हाडाला बसविलेल्या धातूच्या पट्टीजवळ जंतुसंसर्गाने वाढलेली आम्लता क्ष-किरणांच्या आधारे प्रकाशित करणारे लेप, हे त्यावरील उपाय होत. माणसांच्या रोजच्या उपचारात ते अद्याप रुळलेले नाहीत.

हे सर्व ज्या जिल्ह्यांच्या संदर्भात मी लिहीत आहे, तेथे शरीराच्या आतील आम्लतेचा प्रश्न एका रोगाच्या रूपाने घरोघरी आला आहे. तो रोग म्हणजे सिकलसेल. शिकागोच्या जेम्स हेरिकने १९१० मध्ये त्याचे पहिले वर्णन केले, १९४९ मध्ये लायनस पॉलिंगने त्याला रेणूचा रोग म्हटले, भारतात १९५२ मध्ये निलगिरीत त्याचा शोध लागला, आणि त्याच दशकात नागपूरच्या वैद्यांनी मध्य भारतातही तो असल्याचे जगापुढे मांडले. या रोगात रक्तातील तांबडी पेशी प्राणवायू सोडताच कोयत्यासारखी वाकडी होऊन केशवाहिन्यांत अडकते. पेशीच्या भोवतालची आम्लता वाढली की हिमोग्लोबिन प्राणवायू लवकर सोडते, म्हणून आम्लता ही वाकडेपणाला आमंत्रण ठरते; ताप, जुलाबाने आलेला शोष, थंडी आणि अतिश्रम यांनी वेदनेचा झटका येतो त्यामागे ही साखळी असते. मूत्रपिंडाचा आतला भाग स्वभावतःच आम्लधर्मी, खारट आणि प्राणवायूचा तुटवडा असलेला. तेथे ही पेशी सर्वांत लवकर वाकते, आणि रोग्याचे मूत्रपिंड लघवी घट्ट करण्याची शक्ती लहानपणीच गमावते. पेशीच्या भोवतालची आम्लता झटक्याच्या आधी वाढते काय, किती वाढते, कोठे वाढते, हे रक्तवाहिनीत सुई न घालता पाहण्याचे साधन मिळाले, तर गडचिरोलीतील भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांना त्याचा जितका उपयोग होईल तितका क्वचितच दुसऱ्या कोठे होईल. आज रक्तातील आम्लता मोजावयाची तर सहसा धमनीतून रक्त काढावे लागते आणि ते तपासण्याचे यंत्र मोठ्या रुग्णालयात असते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो.

साधन कसे असावे याचा धडा मात्र याच जिल्ह्याने दिलेला आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८० च्या दशकात लहान मुलांच्या न्यूमोनियावर जे काम केले आणि ज्याचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात गावातील सुईणींनी बाळाच्या श्वासाचा वेग मोजावयाचा होता. मोठ्या संख्या मोजण्याची सवय नसलेल्या या स्त्रियांसाठी श्वासमापक बनविला गेला: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावा, आणि वाळू संपण्याआधी मणी संपले तर बाळाला धोका आहे असे समजून औषध सुरू करावे. जलद श्वास ही शरीराच्या आत काय चालले आहे याची बाहेर आलेली खूण होय; कुसमाउलने रोग्याच्या खाटेशेजारी जे वाचले तेच सुईण मण्यांवर वाचत होती, जरी रोग निराळा होता. त्या साधनाची थोरवी अशी की, ते वापरणाऱ्या हाताला नजरेसमोर ठेवून बनविले गेले होते. दीप्तिमान कणांचे वाचनयंत्र प्रयोगशाळेतून निघून आशा कार्यकर्तीच्या पिशवीत यावयाचे असेल, तर त्याला वीज, शीतगृह आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ यांवाचून चालणे भाग आहे. प्रयोगशाळांत जितकी काळजी रंगाच्या तेजस्वितेची घेतली जाते, तितकी या गोष्टीची घेतली जावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि मूळ वृक्षाचे काय? जागतिक निसर्ग संवर्धन संघाने बिजाला संकटाच्या उंबरठ्यावरील जातींत घातले आहे. इमारती लाकडासाठी झालेली तोड, औषधासाठी सोललेली साल आणि बियांची मंद उगवण ही त्याची कारणे. वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो देशातील अगदी पहिल्या हक्कांपैकी एक होता; त्यानंतर गडचिरोलीतील शेकडो ग्रामसभांनी तो मिळविला. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयास सांगितले आहे. त्या नोंदवहीत बिजाच्या नावापुढे लाकूड, डिंक आणि मधुमेहावरील पेला एवढे लिहून थांबू नये. पाणी कोणत्या विहिरीचे घेतले, गाभा किती जुन्या झाडाचा होता, किती प्रहरांनी निळाई दिसू लागली, लिंबाच्या किती थेंबांनी ती मावळली आणि चुन्याच्या निवळीने ती परत आली की नाही, हेही गावातील शाळेच्या मुलांकडून पाहून घेऊन, पाहणाराचे नाव आणि तारीख घालून, तेथे लिहिले जावे.